मॉडेल उठून गेल्यावर

कलाशाळेत इलस्ट्रेशन शिकून त्यावरच पोट भरणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तिथे नेमकं शिकवतात काय? चार वर्षांत काय काय केलं याची यादी देता येते. पायाभूत वर्षात वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. मग हेड स्टडी, लाइफ, यथार्थदर्शन, आउटडोअर. मग पोस्टर, प्रेस ॲड, पॅकेजिंग. आणि शेवटी शेवटी टायपोग्राफी, फोटोग्राफी यांच्या जोडीला एक ऐच्छिक विषय म्हणून इलस्ट्रेशन. या यादीतला चित्र काढण्याचा जवळजवळ सगळा भाग समोर ठेवलेलं पाहून काढण्याचा आहे. टेबलावर तांब्या आणि दोन कांदे असतात, स्टुलावर मॉडेल असतं, खिडकीबाहेर झाड असतं. धंद्यात पडल्यावर यातलं काहीच समोर नसतं. टाइप केलेली चार पानांची गोष्ट असते, संपादकाचा फोन असतो आणि अंक छापायला जाण्याची तारीख असते. गोष्टीतली बाई, तिचं घर, दाराला टेकवलेली सायकल यांतलं काहीही कुणी टेबलावर मांडून ठेवलेलं नसतं. पाहून काढणं आणि न पाहता काढणं यांच्यामध्ये जो विषय बसतो तो म्हणजे स्मरणचित्र. तो इलस्ट्रेशनच्या शिक्षणाचा गाभा असायला हवा होता, आणि आपल्या कलाशाळांनी तो प्रवेशाच्या दारातच सोडून दिला आहे, असं या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत झालं आहे.

सोडून दिला म्हणण्याला कारण आहे. महाराष्ट्रात चित्रकलेच्या वाटेला गेलेल्या बहुतेकांनी लहानपणी स्मरणचित्र केलेलं असतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांत तो पेपर असतो, आणि पुढे कलाशाळेच्या प्रवेश परीक्षेतही तो पुन्हा भेटतो. विषय ओळखीचे असतात: आठवडी बाजार, पावसातला बसथांबा, गावची जत्रा. नाव स्मरणचित्र, पण होतं ते पाठांतरचित्र. क्लासमध्ये काही आकृत्या बसवून घेतलेल्या असतात: फुगेवाला, डोक्यावर हंडा घेतलेली पाठमोरी बाई, एका छत्रीतली दोन मुलं, सायकलवरचा दूधवाला. विषय बाजाराचा असेल तर फुगेवाला डावीकडे, जत्रेचा असेल तर उजवीकडे. चेहरा जमत नाही म्हणून माणसं पाठमोरी, पावलं जमत नाहीत म्हणून पायाशी गवत. हे सगळं नीटनेटकं रंगवलं की ग्रेड चांगली मिळते, त्यामुळे मुलांना किंवा क्लासवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र या सगळ्या तयारीत त्या मुलाला एकदाही काही आठवायला लागलेलं नसतं. त्याच्या स्वतःच्या गावच्या बाजारात भाजीवाली एक गुडघा वर घेऊन बसते, तागडी धरलेला हात कोपरात मुडपलेला असतो, सुटे पैसे गोणपाटाखाली जातात. हे त्याने शंभरदा पाहिलेलं असतं, पण कागदावर फुगेवालाच येतो.

अशी मुलं कलाशाळेत आली की तिथले शिक्षक पहिल्याच महिन्यात त्या आकृत्यांवर काट मारतात आणि सांगतात, मनातलं काढू नका, समोर आहे ते बघा. हे अगदी बरोबर आहे. पाहून काढण्याला पर्याय नाही, आणि त्या कवायतीला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. उभ्या माणसाचं वजन एका पायावर गेलं की त्या बाजूची कंबर वर येते आणि खांदा खाली उतरतो, साडीच्या निऱ्या गुडघ्याशी ताणल्या जातात आणि घोट्याशी सैल पडतात, बसलेल्या माणसाची मांडी आपल्या बाजूला असली की ती असते त्याहून आखूड काढावी लागते. या गोष्टी वाचून कळत नाहीत, हाताला सवय व्हावी लागते. अडचण निराळी आहे. पहिल्या वर्षी घातलेली ही बंदी पुढे कधी उठतच नाही. दुसऱ्या वर्षी मॉडेल, तिसऱ्या वर्षी मॉडेल, आणि चौथ्या वर्षी अचानक एका कादंबरीसाठी दहा चित्रं करा असं सांगितलं जातं. मग विद्यार्थी काय करतो? मित्राला स्टुलावर बसवतो आणि फोनवर त्याचा फोटो काढतो, म्हणजे मॉडेलची सोय तो स्वतःच करून घेतो. कादंबरीतला साठीचा शेतकरी जीन्समधल्या विशीतल्या पोराच्या हाडांवर उभा राहतो, आणि हे ज्युरीतही कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ड्रॉइंग शुद्ध असतं.

जाता जाता एक संधी शाळेच्या हातात असते, ती म्हणजे आउटडोअर स्केचिंग. मुंबईच्या मुलांसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि क्रॉफर्ड मार्केट या जणू वर्गाबाहेरच्या वर्गखोल्या आहेत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकापासून दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. फलाटावर पाय पसरून झोपलेला प्रवासी, पोत्यावर बसून बिडी ओढणारा हमाल, पोराला कडेवर घेऊन इंडिकेटरकडे बघणारी बाई. यांतलं कुणीही पोझ देत नाही. डोकं आणि खांदे काढून होतात न होतात तोच गाडी लागते आणि माणूस उठून जातो. प्रत्येक विद्यार्थ्याची स्केचबुकं अशा कमरेपर्यंतच्या माणसांनी भरलेली असतात. माझ्या दृष्टीने इलस्ट्रेशनचा तास इथे सुरू व्हायला हवा: माणूस गेला, आता उरलेला तू काढ. पाय कुठे होते, पिशवी कोणत्या हातात होती, चपला काढलेल्या होत्या की घातलेल्या? आठवत नसेल तर उद्या बघताना काय बघायचं हे तरी कळेल. पण सबमिशनला मोजली जाते ती स्केचेसची संख्या. आठवड्याला अमुक इतकी झाली की काम संपलं. अर्धी राहिलेली आकृती अर्धीच राहते आणि विद्यार्थी दुसरा माणूस शोधतो.

ही कल्पना काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्रां नावाच्या शिक्षकाने स्मरणशक्तीवर आधारलेली अख्खी शिक्षणपद्धती बांधली होती. वस्तू आधी डोळ्यांनी घोटायची, मग ती दूर करून काढायची. सोप्या आकारांपासून सुरुवात करून पुढे हलत्या, चालत्या माणसांपर्यंत. मॉडेलना तो मोकळ्या हवेत नेऊन हिंडू-फिरू द्यायचा आणि विद्यार्थ्यांना नुसतं बघायला लावायचा. शिल्पकार रोदँ हा त्याचा विद्यार्थी. अमेरिकेत हॉवर्ड पाइल या इलस्ट्रेटरने १९०० साली विल्मिंग्टनला स्वतःची शाळा काढली, तिच्यातही मॉडेलपेक्षा कल्पनेतून केलेल्या रचनांवर भर होता. विद्यार्थ्यांनी मनाने जुळवलेली चित्रं आणायची आणि पाइलने ती सर्वांसमोर सोलायची. एन. सी. वायथ त्या शाळेतून बाहेर पडला. आपल्याकडे १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे.चा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२पासून विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. ते मोठंच काम होतं, पण होतं ते समोरचं हुबेहूब उतरवण्याचं. पुढे १९३५ साली कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला, १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली, आणि इलस्ट्रेशन जाहिरातीच्या घरात वाढलं. तिथे साबणाची वडी साबणाच्या वडीसारखीच दिसावी लागते.

तरीही जे. जे.च्याच इतिहासात माझ्या बाजूचे साक्षीदार सापडतात. लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ अशी दहा वर्षं जे. जे.त शिकवत होता. मुलाच्या ‘किम’साठी त्याने मातीत उठावाची चित्रं केली आणि त्यांचे फोटो पुस्तकात छापले गेले. ते पुस्तक आलं १९०१ साली, म्हणजे किपलिंग निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्याला सात-आठ वर्षं लोटल्यावर. गोष्टीतले पंजाबचे रस्ते आणि तिथली माणसं तेव्हा त्याच्या खिडकीबाहेर नव्हती. जे होतं ते डोक्यात आणि जुन्या टिपणांत होतं. दुसरे साक्षीदार महादेव विश्वनाथ धुरंधर. १८९० साली कोल्हापूरहून येऊन ते या शाळेत दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि आयुष्याची एक्केचाळीस वर्षं त्यांनी तिथे काढली. किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मधली, १९१४ सालची त्यांची चित्रं पाहावीत. लुगड्याचा काचा, पागोट्याचे पेच, पूजेला बसलेल्या बाईची मांडी, माजघरातला उजेड. ड्रॉइंग पक्कं अकॅडमिक आहे, यात शंका नाही. पण इतक्या प्रकारची माणसं इतक्या प्रकारच्या कामांत गुंतलेली काढायला कुणी दर वेळी मॉडेल बसवलं असेल, असं मला वाटत नाही. शाळेने दिलेली शरीररचना आणि रस्त्यात, लग्नाकार्यांत साठवलेलं जग, या दोन्हींचा तो मेळ आहे.

आता हे स्मरण गोष्टीला कसं उपयोगी पडतं ते जवळून पाहू. समजा गोष्ट अशी आहे: एक म्हातारी तालुक्याच्या एसटी स्टँडवर मुलाची वाट बघते आहे, रात्रीची शेवटची गाडी येते आणि मुलगा उतरत नाही. वर्गाला हा विषय दिला तर बहुतेक चित्रांत म्हातारीचा चेहरा येणार, पूर्ण पानभर, सुरकुत्यांसकट, डोळ्यांत पाणी. सुरकुत्या काढायला मजा येते आणि त्या काढता येतात हे दाखवायचंही असतं. पण मुलगा न आल्याचं दुःख लेखकाने तीन परिच्छेदांत सांगून झालेलं आहे. तेच चित्रात पुन्हा सांगून काय साधलं? एखादा विद्यार्थी जरा मागे सरकतो. त्याला आठवतं की शेवटच्या गाडीतून उतरणारी माणसं रेंगाळत नाहीत, पाच मिनिटांत स्टँड रिकामा होतो. कंडक्टर तिकिटांचं यंत्र काखेला मारून कंट्रोल केबिनकडे चालू लागतो. कँटीनवाल्याने बाकडी उलटी करून टेबलांवर ठेवलेली असतात. गाडीच्या आतला दिवा अजून चालू असतो, त्यामुळे बाहेरच्या अंधारात रिकाम्या सीटा स्पष्ट दिसतात. त्याने चित्रात ती उजळलेली रिकामी गाडी मोठी घेतली आणि म्हातारी कडेला, लहान, पाठमोरी ठेवली, हातात स्टीलचा डबा. इथली पाठ आणि ग्रेड परीक्षेतली पाठ यांत फरक आहे. तिथे चेहरा टाळलेला होता, इथे तो वाचकावर सोपवलेला आहे. आणि दिवा चालू असलेली रिकामी एसटी त्याला कुठल्याही मॉडेलने दिली नसती. कुठला क्षण घ्यायचा, काय मोठं, काय लहान, काय गाळायचं, हे सगळे निर्णय वाचनातून येतात, आणि निर्णय घेण्यासाठी लागणारा माल आठवणीतून येतो. म्हणूनच मी या दोन गोष्टी वेगळ्या धरत नाही.

गाळण्याबद्दल आणखी थोडं. मराठीत मासिकांची मोठी परंपरा आहे. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तिथून धरली तरी शंभर वर्षांच्या वरची. या मासिकांतली बरीचशी आतली चित्रं लाइन ब्लॉकवर छापली गेली. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या त्या ठशाला फक्त काळं आणि पांढरं कळायचं. करडा रंग हवा तर रेघांचं किंवा ठिपक्यांचं जाळं विणावं लागे, आणि मूळ चित्र मोठं काढून छापताना लहान केलं जात असल्यामुळे रेघा जास्त जवळ पडल्या की शाई भरून तिथे डाग व्हायचा. मग चित्रकार आपोआप विचार करायचा की ही रेघ हवी का. दीनानाथ दलालांसारखा चित्रकार दोन-चार फटकाऱ्यांत बाईचं वळून बघणं उभं करू शकायचा, त्यामागे हाताइतकीच ही छपाईची शिस्तही असणार. स्मरणही असंच काम करतं. पाहिलेल्या दृश्यातलं बरंचसं ते टाकून देतं आणि ज्याने ते दृश्य ते दृश्य झालं तेवढं ठेवतं. फोटो काहीच टाकत नाही. ऑफसेटने आणि नंतर स्क्रीनने सगळंच छापायची सोय केली, तेव्हा गाळायला लावणारा बाहेरचा धाक गेला, आणि आतला धाक शाळेने कधी लावलेलाच नव्हता.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.ने प्रवेश नाकारला होता. मारिओ मिरांडा इतिहासाचे पदवीधर, कलेचं रीतसर शिक्षण नाही. वसंत सरवटे पेशाने अभियंता. मग शाळा हवीच कशाला, आणि तिच्या अभ्यासक्रमाची चिंता कशाला? या उदाहरणांतून शाळा निरुपयोगी ठरते असं मला दिसत नाही. दिसतं ते हे की या माणसांनी शाळेबाहेर नेमकी तीच कवायत केली जी शाळा करून घेत नाही. लक्ष्मण यांनी लहानपणी खिडकीतून पाहिलेले कावळे, वाळक्या काटक्या, लाकडं फोडणारे नोकर यांच्याबद्दल आत्मचरित्रात लिहिलं आहे. ज्याने कावळा असा बघितला, त्याला पुढे रोज सकाळच्या अंकासाठी मंत्री, कारकून, खड्डा, फाइलींचा ढीग समोर न ठेवता काढता येतो. मारिओ तरुणपणी सचित्र रोजनिशी लिहीत. दिवसभर गोव्यात जे पाहिलं ते त्या दिवसाच्या पानावर. १९५१ सालची ती रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली. रोजनिशी म्हणजे तर शुद्ध स्मरणचित्र. अर्थात अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. शाळा काढायची ती ज्यांना आपसूक हे सुचत नाही अशा उरलेल्यांसाठी.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि जास्त टोकदार आहे. फोनमध्ये सगळ्या जगाचे फोटो आहेत, आणि आता तर चार ओळी टाइप केल्या की यंत्र चित्रच काढून देतं; मग आठवायचं कशाला? संदर्भ बघू नये असं मी म्हणत नाही. रहाटाचे आरे कसे बसतात, बाराबंदीचे बंद कुठे येतात हे शोधायलाच हवं, आठवणीवर विसंबून तिथे चूक होते. पण संदर्भ शोधण्याआधी काय शोधायचं हे ठाऊक लागतं. ‘गाव, रात्र, बस’ असं शोधणाऱ्याला कँटीनची उलटी बाकडी सापडत नाहीत. यंत्राकडे असंख्य चित्रांमधून गाळलेली सरासरी असते. त्याला एसटी स्टँड मागितला की ते सर्वांना पटेल असा स्टँड देतं. हे काम क्लासमधला फुगेवाला आधीपासून करतो आहे. फक्त यंत्राचा फुगेवाला फार सफाईदार असतो. ज्या विद्यार्थ्याला स्वतःचं असं काही आठवत नाही, त्याची नोकरी या यंत्रामुळे धोक्यात आहे हे उघडपणे सांगितलेलं बरं.

स्वतःचं असणं हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गेली काही वर्षं विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांत कोल्हे असतात, दीपगृहं असतात, बर्फातली लाकडी घरं आणि लोकरी टोप्या घातलेली मुलं असतात. काढणारा असतो बीडचा नाहीतर चंद्रपूरचा. पाण्याचा टँकर आला की कळशांची रांग कशी वळते, उसाच्या ट्रॅक्टरवर माणसं कशी बसतात, दुपारी पत्र्याच्या घरात उजेड कुठून येतो, हा त्याच्याकडचा साठा त्याच्या मते इलस्ट्रेशनचा विषयच नाही. कुणी म्हणेल, म्हणजे खेड्यातल्या मुलाने खेडंच काढायचं का? त्याला परग्रहावरची लढाई काढायची असेल तर? खुशाल काढावी. परग्रहावरचं वाहनसुद्धा कुठेतरी जड असतं, त्याची बिजागरी कुठेतरी गंजते, त्यातून उतरणारा प्राणी आधी कुठलातरी एक पाय टाकतो. ट्रॉलीतून उतरणारा माणूस ज्याने नीट पाहिला आहे त्याचा परग्रहही खरा वाटतो. उसन्या चित्रांवरून काढलेला कोल्हा मात्र कोल्हा कसा चालतो हे ठाऊक नसल्यामुळे कायम बसलेलाच असतो.

राहिला पैशाचा प्रश्न. दिवाळी अंकाच्या कथाचित्राचं मानधन किती तुटपुंजं असतं ते या क्षेत्रातल्या कुणालाही विचारावं; बहुतेक मुलं ॲनिमेशन, गेम किंवा जाहिरातीकडे जातात, आणि त्यांत काही गैर नाही. तेव्हा कथाचित्रासाठी एवढी मेहनत शाळेने का करून घ्यावी? पण या नव्या कामांत स्टोरीबोर्ड लागतो. दिग्दर्शक बोलत असतो आणि समोर बसलेल्याने चौकटीमागून चौकट काढायची असते: नायिका जिना उतरते, वरून दिसते, मग पायऱ्यांवरून. तिथे फोटो शोधायला वेळ मिळत नाही, मित्राला जिन्यावर उभं करता येत नाही. म्हणजे पगार देणारा धंदाही स्मरणचित्रच मागतो आहे.

शिक्षकांची एक व्यावहारिक तक्रार असते की हे तपासायचं कसं. मॉडेल समोर असलं की चूक दाखवता येते, डोक्यातल्याची चूक कशी दाखवणार? लकॉकच्या पद्धतीवरून याचं सरळ उत्तर सुचतं. मॉडेल एका खोलीत बसवावं आणि विद्यार्थ्यांनी दुसऱ्या खोलीत जाऊन काढावं. विसरलं की उठून बघून यावं, पण कागद तिकडे न्यायचा नाही. शेवटी सगळी चित्रं मॉडेलशेजारी लावून करेक्शन द्यावं. आठवड्यातून एक सकाळ पुरते. नवं पद, नवा संगणक, नवी इमारत यांतलं काहीही लागत नाही. मॉडेलचा भत्ता पूर्वीइतकाच, आणि खोल्या दोन.